डावा तळहात

लिंग तळहातावरून घसरलं आणि भस्माच्या वाटीत पडलं, तेव्हा अमृतरावांना आधी राग आला. भीती मागाहून. राग आला तो स्वतःच्या हाताचा. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करायची, कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातल्या चांदीच्या चौक्यातून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, बेल वाहायचा आणि मग त्याच्याकडे टक लावून बसायचं. इतक्या वर्षांत हा हात कधी हलला नव्हता. अंगात ताप असताना नाही, वडील गेले त्या सकाळीही नाही. आज मात्र बघता बघता तळहात तिरका झाला. त्यांनी मनातल्या मनात हाताला दटावलं, सरळ हो. हातानं ऐकलं नाही. तो मनगटापासून खाली लोंबला, जणू दुसऱ्या कुणाचा हात त्यांच्या मांडीवर आणून ठेवला होता, आणि काळं गुळगुळीत लिंग वाटीत कलंडून पांढरं झालं.

"काय पडलं वो?" आतून मंजुश्रीनं विचारलं.

"वाटी," ते म्हणाले. शब्द जाड निघाला. तोंडात पान धरून बोलावं तसा. त्यांनी उजव्या हातानं लिंग उचललं, पुसलं, चौक्यात ठेवलं. मग डाव्या हाताच्या बोटांवर उजव्या हाताची टिचकी मारली. गंजगोलाईतल्या आपल्या दुकानात ते प्रत्येक तांब्याला, पातेल्याला अशी टिचकी मारून बघत आणि आवाजावरून भांडं धड आहे की चिरलंय ते सांगत. बोटांतून आवाज कसला येणार? पण थोड्या वेळानं मुंग्या आल्या, मग करंगळी हलली, मग मूठ मिटली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातला जडपणाही गेला. झालं, संपलं. हात होता तसा हात झाला.

हे आजारपण असेल असं त्यांच्या मनात आलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. आलं, आणि त्यांनी ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. आजार म्हटला की डॉक्टर आला, डॉक्टर आला की प्रश्न आले, आणि प्रश्न आले की नांदेड आलं. त्यापेक्षा पाप बरं. पापाला निदान प्रायश्चित्त असतं आणि ते देणारे स्वामी गल्लीतच राहतात. लिंग हातातून पडलं म्हणजे अपराध झाला, शुद्धी होईपर्यंत पूजा अपुरी राहिली, आणि पूजा पुरी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे त्यांना आईनं शिकवलं होतं. स्वामी उदगीरला लग्नाला गेलेले. संध्याकाळी यायचे होते. ठीक आहे, संध्याकाळपर्यंत कळ काढू. वैशाखाचं ऊन सकाळीच ओट्यावर आलं होतं. घशाला कोरड पडली होती, आणि त्या कोरडीनं त्यांना बरंच वाटलं. शिक्षा सुरू झाली, म्हणजे माफीही होणार.

मंजुश्रीनं चुरमुऱ्याच्या सुशील्याची ताटली पुढे केली. ते म्हणाले, आज उपास आहे. "आज कसला उपास?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता सोललेल्या बदामांची वाटी आणली. "बदाम चालतेत उपासाला. घ्या." रात्री भिजत घातलेले, सकाळी तिनं एकेक सोललेले. त्यांनी ते रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवले. नांदेडला जाऊन येतो म्हणाले. माल बघायचाय.

"लातूरचा बाजार सोडून नांदेडला कसला वो माल?" तिनं हसत विचारलं. पण हसताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या नव्या शर्टाची कॉलर बघत होती.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि ऊन थेट मांडीवर आलं. डावा हात त्यांनी खिडकीच्या दांडीला घट्ट धरून ठेवला. पहारा ठेवल्यासारखा. अहमदपूरपर्यंत ते फक्त हाताकडे बघत होते. नंतर कंटाळा आला आणि ज्याचा विचार करायचा नाही त्याचाच विचार सुरू झाला. पन्नाशी ओलांडली आणि अंगातलं काहीतरी निघून गेलं. कधी गेलं ते कळलंच नाही. चूल विझते तेव्हा तरी धूर होतो. सुरुवातीला थकवा म्हणाले, मग दुकानाचा ताप म्हणाले, मग भिंतीकडे तोंड करून झोपायची सवयच झाली. मंजुश्री कधी एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती, भांडली असती, माहेरी निलंग्याला जाऊन बसली असती तर त्यांना सोसलं असतं. पण एकदा दुपारी ते दुकानातून अवचित घरी आले तेव्हा ती बहिणीशी फोनवर बोलत होती. बहिणीनं तिकडून काहीतरी चावट विचारलं असणार. मंजुश्री हसत म्हणाली, "आमचं काय गं आता. आम्ही भावा-बहिणीवानी ऱ्हातो." त्या हसण्यात तक्रार नव्हती. दूध नासलं तर त्याचं पनीर करावं, इतक्या सहज ती म्हणाली. अमृतराव चप्पल न वाजवता मागे फिरले आणि दुकानात येऊन मुलावर, अमरेशवर, उगीच ओरडले.

त्यानंतर नांदेड. लातुरात दर दुसरा माणूस गिऱ्हाईक. लातुरात असलं काही विचारणं म्हणजे गंजगोलाईत दवंडी पिटणं. नांदेडला एका दवाखान्यात, जिथं बाकावर बसलेले सगळे पुरुष जमिनीकडे बघत होते, अमृतरावांचं रक्त घेतलं. पुरुषाचा म्हणून जो हार्मोन असतो तो फार खाली गेलाय, डॉक्टर म्हणाला, इंजेक्शन देता येईल. तेलासारखं दाट औषध कमरेखाली टोचलं. सुई बाहेर आल्यावरही ते आत हळूहळू पसरताना जाणवत होतं. दर तीन आठवड्यांनी यायचं आणि मधूनमधून रक्त तपासायचं. या दोन गोष्टींपैकी पहिली त्यांनी पाळली.

आणि काय सांगावं, पाऊस पडून गेलेल्या शेतासारखं झालं. दाढी दाट आली. आवाज वाढला. दुकानात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते फाडकन उत्तर देऊ लागले. चेहऱ्यावर लाली आली आणि लोक म्हणू लागले, शेठ, तब्येत सुधारली. एका रात्री त्यांनी भिंतीकडून तोंड वळवलं. मंजुश्री आधी घाबरलीच. मग अंधारात तिनं त्यांच्या दाढीवरून हात फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या केसांत मोगरा होता. पोराचं लग्न ठरवायला निघालेली बाई, आणि केसांत मोगरा! पदर तोंडाशी धरून ती म्हणाली होती, "काय खाताव तरी काय?" आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बदाम." तेव्हापासून तिनं एकही रात्र चुकवली नाही. झोपायच्या आधी स्टीलच्या वाटीत बदाम भिजत घालायचे, हा तिचा नेम झाला. त्यांच्या लिंगपूजेसारखाच.

त्यांना तेव्हाच सांगता आलं असतं. त्यांनी कितीदा ठरवलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू ज्याच्या दाढीवरून हात फिरवतेस तो मी नाही, ती सुई आहे? की तुझ्यासाठी जे जागं होतं ते माझं नाही, तीन आठवड्यांच्या उसनवारीवर आणलेलं आहे? बसव जयंतीला रक्तदानाच्या शिबिरात त्यांचं बोट टोचून बघितलं आणि तिथल्या माणसानं रक्त घ्यायलाच नकार दिला. हिमोग्लोबिन फार वर आहे म्हणाला, दाखवून घ्या कुणाला तरी. ते घरी येऊन मंजुश्रीला छाती फुगवून म्हणाले, लोकांच्या अंगात रक्त नाही आणि आपल्या अंगात मावत नाही! तिनं कानशिलावर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. रक्त जास्त म्हणजे वाईट, हे त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. आईला, बायकोला, लेकीला, सगळ्यांना जन्मभर लोहाच्या गोळ्या.

बसनं लोहा गाव मागं टाकलं तेव्हा ओठ चिकटू लागले. शेजारचा माणूस बाटलीनं पाणी पीत होता आणि त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना अमृतराव बघत राहिले. त्यांना वडील आठवले. संगप्पांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा अमृतराव कॉलेजात होते. डावी बाजू गेली. डाव्या हाताची मूठ अशी वळली की उघडेना. तरी रोज सकाळी आई, शिवम्मा, त्यांच्यापुढे बसायची, एकेक बोट सोडवून तळहात उघडायची, त्यावर लिंग ठेवायची आणि खालून आपला तळहात लावून धरायची. पूजा होईपर्यंत तिचं मनगट थरथरायचं. वडील मात्र लिंगाकडे बघत नसत. ते भिंतीकडे बघत. इतकी सेवा करणाऱ्या बाईकडे नाही, देवाकडे नाही, भिंतीकडे काय बघतो हा माणूस, असा अमृतरावांना तेव्हा संताप यायचा. आज सकाळच्या लोंबलेल्या हातात त्यांना तोच हात दिसला होता. म्हणूनच तर त्यांनी त्याला पाप म्हटलं.

नांदेडच्या डॉक्टरनं विचारलं, "रक्त तपासलं का?"

"तपासलं. ठीक हाय सगळं."

"चक्कर, हातापायाला मुंग्या, असलं काही?"

इथं ते थांबले. एक क्षण सगळं जिभेवर आलं, लिंग, वाटी, लोंबलेला हात. सांगितलं तर इंजेक्शन मिळणार नाही. इंजेक्शन नाही म्हणजे तीन आठवड्यांनी मोगरा नाही, भिंत. मंजुश्री काही बोलणार नाही, ती पुन्हा बहिणीला हसत सांगेल. त्यांना वाटलं, हात गेला तर गेला, एका हातानंही माणूस जगतो. हे त्यांना खरोखर वाटलं, आणि वाटल्याचं आश्चर्यही वाटलं.

"कायी न्हाई," ते म्हणाले आणि पालथे झाले.

बसस्थानकावर ऊन इतकं होतं की माणसांच्या सावल्या पायाखाली गेल्या होत्या. लातूरची गाडी लागलेली. पाणीवाला पोरगा ओरडत गेला, थंडगार, थंडगार. अमृतरावांनी खिशात हात घालून बदामांचा रुमाल चाचपला. संध्याकाळी स्वामी येतील, शुद्धी करतील, मग घटाघटा पाणी पिऊ आणि मग बदाम खाऊ, असं ठरवून ते गाडीच्या पायरीवर चढले. दांडी धरायला डावा हात उचलला. दांडी तिथंच होती, हात वर आला नाही. मग पायही नाही. पडताना त्यांना आकाश आधी दिसलं, मग कंडक्टरचं तोंड. "शेठ, ओ शेठ, पेलात का काय?" कंडक्टर म्हणाला, आणि अमृतरावांना त्याही अवस्थेत त्याचा अपमान वाटला. लिंगायताच्या पोराला असलं विचारतो! त्यांनी उत्तर दिलं. निघाला तो नुसता घरघराट.

नांदेडच्याच मोठ्या दवाखान्यात कितीतरी हात त्यांच्या अंगावरून फिरले. जाग आली तेव्हा मंजुश्री पायाशी होती आणि अमरेश फोनवर दुकानाचं काहीतरी बोलत बाहेर जात होता. जीव वाचला होता. उजवी बाजू धड होती. बोलणं बोबडं, पण कळेल असं. डावा हात चादरीवर ठेवलेला होता आणि तो त्यांचाच आहे हे बघूनच समजत होतं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, तिला सगळे पुनम मॅडम म्हणत. अमृतरावांच्या लेकीच्या वयाची. ती खुर्ची ओढून बसली आणि सावकाश बोलली.

"काका, तुमचं रक्त खूप घट्ट आहे. उन्हात पाणी नव्हतं पोटात, त्यानं भर पडली असेल, पण एवढं घट्ट नुसतं उन्हानं होत नाही. बाहेरून काही औषध घेता का? ताकदीचं, हार्मोनचं?"

त्यांनी नजर चादरीकडे वळवली.

"लाजू नका. बरेच जण घेतात. तो हार्मोन अंगात फार कमी असला तरी असल्या झटक्याशी संबंध दिसतो, आणि बाहेरून घेतला तर रक्त दाट होऊ शकतं. कितपत, कुणाला, हे आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण घेत असाल तर ते आधी थांबवावं लागेल. नाही सांगितलं आणि पुन्हा घेतलंत, तर पुढचा झटका कदाचित असा सोडणार नाही."

कमी असलं तरी झटका, जास्त झालं तरी झटका. मग माणसानं उभं राहायचं तरी कुठं? त्यांना हसू आलं. ते अर्ध्याच तोंडावर आलं. मंजुश्री मॅडमच्या खांद्यामागून त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, "न्हाई. कायी घेत न्हाई."

मॅडम गेल्यावर मंजुश्री जवळ येऊन बसली. तिच्या हातात त्यांचा शर्ट होता, दवाखान्यात कापून काढलेला, आणि त्यातला रुमाल. तिनं तो उघडला. बदाम सुकून पिवळे पडले होते.

"एक इचारू? खरं सांगा." तिचा आवाज अगदी हळू होता. "नांदेडात बाई हाय का?"

अमृतरावांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि त्याच्यामागचं सगळं कळलं. नवे शर्ट, केसांचा कलप, दर तीन आठवड्यांचा माल, जो कधी दुकानात आलाच नाही. बिचारीनं किती रात्री हा हिशेब मांडला असेल, आणि तरी बदाम भिजत घातले. त्यांनी तोंड उघडलं. बाई नाही, सुई आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण बाई हा पुरुषाचा गुन्हा आहे. भोगणाऱ्या माणसाचा, दम असलेल्या माणसाचा. सुई हा पुरुषाचा गुन्हासुद्धा नाही. ती रडेल, शिव्या देईल, पण त्या दाढीवरून फिरलेला तिचा हात तरी खऱ्या माणसाच्या दाढीवरून फिरलेला राहील.

"हाव," ते म्हणाले.

ती रडली नाही. रुमालातल्या बदामांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी तिच्यासाठी भिजवत होते व्हय?"

त्यांना ओरडावंसं वाटलं. त्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. जीभ टाळ्याला चिकटून राहिली आणि त्यांनी सगळा दोष जिभेवर ढकलला.

मंजुश्री माहेरी गेली नाही. तिनं त्यांना कूस बदलून दिली, भांडं दिलं, पेज भरवली. स्वामींना लातुरातून बोलावून घेतलं. त्यांनी खाटेशीच मंत्र म्हटले, लिंगाची शुद्धी केली आणि घाईनं परतीची गाडी पकडली. एकदा पेज भरवता भरवता ती म्हणाली, "ती यायची न्हाई का बघायला?" त्यांनी मान हलवली. तिनं चमचा वाटीत ठेवला. "कसली बाई हाय वो ती. माणूस असं पडलंय अन् तिला वाटत न्हाई यावं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तिच्या स्वतःसाठी नव्हतं, त्यांच्यासाठी होतं, आणि अमृतरावांना ते सहन होईना. अंगातलं औषध अजून संपलं नव्हतं. गेलेल्या डाव्या गालावरही दाढी तितकीच दाट येत होती. ते उजव्या हातानं ती ओरबाडत राहिले, मंजुश्रीनं हात धरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवलं. सांगायचं. जे होईल ते होवो. मरणाची भीती होतीच, ती नाकारण्यात अर्थ नव्हता. पण त्याहून मोठी भीती ही होती की आपण असेच मेलो तर ही बाई नसलेल्या बाईवर जन्मभर जळत राहील. मंजुश्रीनं ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसलं, कपाळाला भस्म लावलं, एकेक बोट सोडवून डावा तळहात उघडला आणि त्यावर लिंग ठेवलं. ते घसरू लागलं. तिनं खालून आपला तळहात लावला. तेवढ्यात पुनम मॅडम आल्या, कागद चाळत, घाईत.

"काका, रक्त अजून घट्टच आहे. कारण सापडत नाही. आता हाडातला मगज काढून तपासायला हैदराबादला पाठवावं लागेल. दुखतं ते. शेवटचं विचारते, बाहेरचं काही घेत होता का? काही लपवताय का?"

अमृतरावांनी श्वास घेतला. "मॅडम," ते म्हणाले, "मी..."

मंजुश्रीचा चेहरा पांढरा पडला. ती एकदम पुढे झुकली, त्यांच्या आणि मॅडमच्या मध्ये. नवऱ्याची अब्रू परक्या पोरीपुढं उघडी पडू नये, एवढंच तिला दिसत होतं.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली, ठाम, दुकानातल्या गिऱ्हाइकाला एकच भाव सांगावा तशी. "कसलं औषध न्हाई, कायी न्हाई. लपवलेलं कायी न्हाई आता. मला सगळं सांगितलंय त्यांनी."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. अमृतरावांचं तोंड उघडंच होतं. आता बोलायचं म्हणजे हिला खोटी पाडायचं. मॅडमनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

"झालं," मंजुश्री पुटपुटली. "गेल्या त्या. कायी घाबरू नका. मी हाय." खालून तिनं त्यांचा तळहात घट्ट दाबला असावा, कारण तिचं मनगट थरथरताना त्यांना दिसत होतं. हाताला काही कळत नव्हतं. "बघा, लिंगाकडं बघा," ती म्हणाली.

अमृतराव भिंतीकडे बघत राहिले.